घरी बनवलेलं सोलर पॅनल की विकतचं: गोव्यातल्या मांद्रे गावातल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सामान आलं एकदाचं. चाळीस सेल (उन्हावर वीज देणाऱ्या पातळ चकत्या), टॅबिंग वायर (सेल एकमेकांना जोडायची चपटी पट्टी), ओळी जोडायची जाड बसबार वायर, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स पेन. दोन सेल पार्सलमध्येच तुटलेले, म्हणजे अडतीस धरायचे.

हे सगळं कशासाठी ते आधी लिहून ठेवते. मागच्या पावसात आमच्या वाड्यावर माड तारांवर पडला आणि दोन रात्री लायट नव्हती. इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री उतरली, आईंना (माझ्या सासूबाई) दम्याचा त्रास, नेब्युलायझर चालेना, शेवटी भावोजींनी रात्री दीड वाजता गाडीत बसवून म्हापशाला नेलं, वाटेत पाऊस असा की काचेतून समोरचं दिसत नव्हतं. त्या रात्रीपासून डोक्यात एकच आहे, लायट असो नसो ही १२ व्होल्टची बॅटरी दिवसा भरली पाहिजे.

विकतचं पॅनल आणून लावलं की झालं, असं घरात सगळेच म्हणतात. पण माझं आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालेलं, दुकानात रोज मिक्सर, पंखे, इन्व्हर्टरची कार्डं दुरुस्त करते, सोल्डरिंग हातातलं काम, त्यामुळे आधी स्वतः एक बनवून बघायचंच असं ठरवलं. विकतचं पण एक घेणार, दोन्ही शेजारी शेजारी लावणार आणि आकडे इथे लिहिणार.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट. घरी पॅनल बनवणं म्हणजे सेल बनवणं नाही. वाळूतल्या क्वार्ट्झपासून सिलिकॉन काढायचं, ते अतिशुद्ध करायचं, १४१४ अंशाला वितळवून त्याचा स्फटिक ओढायचा, त्याचे केसाच्या दोनतीन पट जाडीचे काप करायचे, ही सगळी मोठ्या कारखान्याची कामं. आपण करतो ते म्हणजे तयार सेल जोडून, काचेखाली बंद करून, चौकटीत बसवणं. मलाही तेवढंच वाटत होतं की हे तर जोडकाम आहे.

१९ जानेवारी

आज पाच सेल मोडले.

सेल हातात घेतल्यावर कळतं काय चीज आहे ती. जाडी ०.२ मिलीमीटर, म्हणजे भाजलेल्या पापडापेक्षा नाजूक, पापड निदान थोडा वाकतो. निळी बाजू सूर्याकडे, ती वजा, मागची करडी बाजू अधिक. एका सेलच्या पुढून निघालेली पट्टी दुसऱ्याच्या मागे जोडायची, अशी ३६ सेलची माळ. पट्टी सेलच्या रुंदीच्या दुप्पट कापायची कारण अर्धी याच्या पुढे आणि अर्धी त्याच्या मागे जाते.

आधी माझा नेहमीचा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न घेतला, तो पुरत नाही. सेल आणि तांब्याची पट्टी मिळून सगळी उष्णता ओढून घेतात, सोल्डर वितळायच्या आत गार होतो, मग आपण जरा दाबतो आणि टक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज आता झोपेतही ओळखेन. ६० वॅटचा घेतल्यावर जमायला लागलं. पट्टीला कल्हई आधीच असते, वेगळं सोल्डर लागत नाही, फक्त सेलवरच्या रुपेरी रेघेवर फ्लक्स पेन फिरवायचं आणि आयर्न न दाबता, आपल्याच वजनाने, एका दमात वरून खाली ओढायचा. थांबलं की बिघडलं. तिसाव्या सेलला हात बसला.

पट्टी अगदी ताणून लावायची नाही हेही एक सेल गमावून शिकले. तांबं उन्हात सिलिकॉनच्या कितीतरी पट जास्त फुगतं, दोन सेलमध्ये तीनचार मिलीमीटर जागा आणि पट्टीला हलकीशी घडी ठेवली नाही तर रोज तापून-गार होऊन जोड तरी सुटणार नाहीतर सेल तरी तडकणार.

२ फेब्रुवारी

मधल्या आठवड्यात अजून दोन गेले, म्हणून दहा सेल वेगळे मागवले. आज ३६ ची माळ पुरी झाली, नऊ-नऊच्या चार ओळी. अंगणात पांढऱ्या चादरीवर ठेवून मल्टिमीटर लावला, सकाळी साडेआठला २१ व्होल्ट! एकेका सेलचे ०.५८ च्या आसपास, बेरीज बरोबर जमते. शॉर्ट करून करंट बघितला तर दुपारी ३.४ अँपियर. कोणी पेट्रोल घालत नाही, काही फिरत नाही, चादरीवर निळ्या चकत्या पडल्यात आणि काटा वर जातो. मला खूप आनंद झाला, खोटं का सांगू.

शेजारच्या काकी गडग्यावरून "कितें गो करता तूं हें?" म्हणून विचारत होत्या. त्यांना बोलावून दाखवलं. माळेवर हात धरला की आकडा खाली, काढला की वर. त्यांनी तीनदा करून बघितलं.

तुटलेले तुकडे मी फेकले नाहीत. सेल मोडला तरी व्होल्टेज तेवढंच राहतं, अर्ध्या तुकड्यालाही अर्धा व्होल्ट मिळतो, कमी होतो तो करंट, कारण तो क्षेत्रफळावर ठरतो. आठवीतल्या पुतणीला चार तुकडे जोडून दिले आणि जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर लावून दिली. तिने मोटरला पुठ्ठ्याचं चक्र लावलं आणि ते गरागरा फिरायला लागलं. मग तिला सांगितलं की २५ एप्रिल १९५४ ला अमेरिकेत बेल लॅबच्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सेल जगाला दाखवला तेव्हा त्यांनीही त्यावर खेळण्यातला पाळणाच फिरवला होता. तेव्हा सूर्यप्रकाशातला जेमतेम ६ टक्के भाग विजेत बदलायचा, तुझ्या हातातल्या तुकड्यात १७ च्या आसपास बदलतो. काकी, मग उरलेला कुठे जातो, असं तिने मला विचारलं. तापण्यात जातो, हात लावून बघ म्हटलं.

१६ फेब्रुवारी

हा दिवस सगळ्यात अवघड गेला, आणि काम पसंत पडलेलं नाही.

माळ काचेखाली बंद करायची होती. कारखान्यात काच, ईव्हीएचा (तापवल्यावर वितळून चिकटणाऱ्या प्लास्टिकचा) पारदर्शक थर, सेल, परत ईव्हीए, आणि मागे बॅकशीट म्हणजे पाठीचा प्लास्टिकचा पत्रा असं सँडविच करून मशीनमध्ये ठेवतात, आतली हवा आधी पूर्ण खेचून घेतात आणि मग १४५-१५० अंशाला दाबून शिजवतात, तेव्हा ईव्हीए काचेसारखं स्वच्छ होतं आणि सेलला सगळीकडून धरून ठेवतं. माझ्याकडे हॉट एअर गन, इस्त्री आणि काचवाल्याकडून कापून आणलेली ४ मिलीमीटरची खिडकीची साधी काच. मधून सुरुवात करून कडेला हवा ढकलत गेले तरी बुडबुडे राहिलेच. छोटे नाहीत, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि दोन ठिकाणी रुपयाच्या नाण्याएवढे. हवा खेचून घेणारं यंत्र नाही तिथे हे होणारच, इस्त्री कितीही फिरवा.

कडा ॲल्युमिनियमच्या अँगलमध्ये बसवून हार्डवेअरच्या दुकानातल्या सिलिकॉनने भरल्या. घरभर व्हिनेगरचा वास पसरला, आई म्हणाल्या लोणचं घातलंस का. मागे जंक्शन बॉक्स म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायचा डबा, त्यात दोन बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वगळून करंटला दुसरी वाट देणारे).

खर्च लिहिते. सेल, वायर, फ्लक्स ३६००, नंतरचे दहा सेल ७००, काच ९००, ईव्हीए आणि बॅकशीट ८५०, अँगल ७००, सिलिकॉन ४००, बॉक्स-डायोड ३५०. एकूण ७५०० रुपये. पॅनल धरलं तर ६३ वॅटचं. म्हणजे वॅटला ११९ रुपये, आणि यात माझे पाच रविवार धरलेले नाहीत.

२३ फेब्रुवारी

विकतचं आणलं. १०० वॅट, ४३०० रुपये. वॅटला ४३.

खरं सांगते, पैशांचा प्रश्न इथेच संपला. पूर्वी, पॅनल महाग होती तेव्हा सेल आणून जोडण्यात बचत होत असेल, आता सुटे सेल किरकोळीत घ्यायचे आणि एकच काच कापून आणायची म्हटलं की कारखान्याशी बरोबरी होऊच शकत नाही.

पण मला बघायचं होतं ते किमतीपलीकडचं, म्हणून मागचं लेबल नीट वाचलं आणि आयईसीचे (विजेच्या वस्तूंची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) नंबर शोधून काढले. ६१२१५ नंबरची जी चाचणी आहे त्यात पॅनल ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के दमटपणात १००० तास ठेवतात. उणे ४० ते अधिक ८५ अंश असं २०० वेळा गार-गरम करतात. समुद्राकाठासाठी खाऱ्या धुक्याची वेगळी चाचणी, नंबर ६१७०१. आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटं, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी गंजतात, माझ्यासाठी तीच चाचणी सगळ्यात मोलाची. काच पण वेगळी, कमी लोखंडाची आणि टफन केलेली, कडेने बघितली तर माझ्या काचेसारखी हिरवी दिसत नाही. हिरवा रंग म्हणजे काचेतलं लोखंड, आणि ते थोडा प्रकाश स्वतःच खातं.

१६ मार्च

परसात चिरे रचून दोन्ही पॅनल दक्षिणेकडे तोंड करून लावली, उतार साधारण पंधरा अंश. कौलांवर माझं बनवलेलं चढवायचं नाही हे मी पहिल्यापासून ठरवलेलं, खाली सगळे लाकडी वासे आहेत.

दुपारी साडेबाराचे आकडे, बॅटरी १३.३ व्होल्टवर:
घरचं ३.० अँपियर, म्हणजे ४० वॅट.
विकतचं ५.२ अँपियर, म्हणजे ६९ वॅट.

दोन्ही आपापल्या लेबलापेक्षा कमी देतात आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी देतात, याचा मला अभिमान वाटला. कमी का, तर पॅनल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आहे, तो पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली आणतो, पॅनलची १८ व्होल्ट द्यायची तयारी असली तरी बॅटरी १३.३ ला बसलेली, वरचे फुकट.

मग वाटेल की ३६ सेल कशाला, कमी लावावेत. तर तसं नाही. लेबलावरचे आकडे २५ अंशाला मोजलेले असतात, आज पॅनलची पाठ ६१ अंश होती. दर अंशामागे साधारण ०.४ टक्के ताकद कमी होते, ३६ अंश जास्त म्हणजे १४ टक्के गेली, आणि ती मुख्यतः व्होल्टेजमधून जाते, करंट तसाच राहतो. १८ चे साडेपंधरा होतात. बॅटरी भरत आली की तिला १४.४ लागतात, वायरमध्ये थोडं पडतं, डायोड असला तर अजून थोडं. म्हणजे गोव्याच्या उन्हात ३६ पेक्षा कमी सेल घेतले तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही.

सावलीचं पण बघितलं. चुडताची (माडाच्या झावळीची) एक पाती सेलवर धरली, एकाच सेलवर, ३ चे ०.६ अँपियर झाले. माळ आहे ती, एक अडला की मागचे सगळे अडले. बायपास डायोड लागलेले असूनही, कारण डायोड अर्धी माळ बाजूला काढतो आणि उरलेल्या १८ सेलचे ९ व्होल्ट १२ च्या बॅटरीत काही ढकलू शकत नाहीत. डायोडचा उपयोग एवढाच की सावलीतला सेल तापून जळत नाही.

१३ एप्रिल

पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) येऊन नारळ उतरवून गेला. पॅनल आधी उचलून पडवीत ठेवली. गारांच्या चाचणीत २५ मिलीमीटरची गार सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात, तिची ताकद हिशोबाने २ ज्यूलच्या आसपास येते. दीड किलोचा सोलायचा नारळ दहा मीटरवरून पडला तर १४७ ज्यूल. विकतचं असो की घरचं, माडाखाली पॅनल लावायचं नाही. जागा दोन मीटर पुढे सरकवली.

२१ मे

पाऊस काल रात्रीपासूनच. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवायची) मिरची अजून अंगणात होती, धावपळ करून आत घेतली. जून उजाडायच्या आधी असा पाऊस, पॅनलच्या कडा परत एकदा सिलिकॉनने भरायच्या होत्या त्या राहून गेल्या.

१५ जून

घरच्या पॅनलमध्ये धुकं आलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, काचेच्या आतून, श्वास सोडल्यासारखं. सकाळी दिसतं, ऊन पडलं की नाहीसं होतं, संध्याकाळी परत. रुपयाएवढा जो बुडबुडा होता तिथूनच सुरुवात आहे.

विकतचं कोरडं ठणठणीत.

२० जुलै

दुपारी तासभर ऊन पडलं. विकतचं ५.० अँपियर. घरचं १.२, आणि काटा थरथरतोय.

काढून आत आणलं, बॉक्स उघडला, कड सोडवली. खालच्या ओळीतल्या पट्ट्या हिरव्या पडल्यात, तांब्याच्या जुन्या तांब्याला चिंच न लावता ठेवलं की धरतो तसा कळंक. पाणी आत गेलं हे तर झालंच, पण कड भरलेल्या जागी हिरवं जास्त होतं, मधे कमी. तेव्हा व्हिनेगरचा वास आठवला. साधं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, तोच तो वास, आणि तांब्याला ते खातं. न्यूट्रल क्युअर नावाचं वेगळं मिळतं, ते वास सोडत नाही, विजेच्या कामाला तेच घ्यायचं असतं. दुकानात दोन्ही ट्यूब शेजारी असतात आणि मी स्वस्तातली उचलली. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे होतं, म्हणून इथे ठळक लिहिते, कोणी बनवत असेल तर त्याची माळ तरी वाचेल.

आणि एक गोष्ट बघून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. सातव्या आणि आठव्या सेलमधला जोड सुटत आलेला, त्याच्याभोवती ईव्हीए तपकिरी झालेलं, करपलेलं. सैल जोडातून डीसी करंट (एकाच दिशेने वाहणारा) गेला की ठिणगी पकडून ठेवतो, घरातल्या लायटीच्या एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, म्हणून ती सहज विझत नाही. हे पॅनल जर मी कौलांवर, वाश्यांवर चढवलं असतं.

आता हे परत लावणार नाही. माझं जोडकाम वाईट नव्हतं, मार्चचे आकडे साक्षीला आहेत. वीज बनवणं सेलने केलंच. मला जमलं नाही ते वर्षाला ३००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या गावात समुद्राच्या वाऱ्यात पाण्याला बाहेर ठेवणं, आणि विकतच्या पॅनलमध्ये आपण मुख्यतः त्याचेच पैसे देतो, तेही वॅटला ४३ रुपये. अजून एक १०० वॅटचं आणलं.

२४ ऑगस्ट

चवथ (गणेश चतुर्थी) तीन दिवसांवर. परवा रात्री साडेदहाला लायट गेली ती सकाळी सातला आली. दोन पॅनलवर ढगाळ दिवसातही बॅटरी बऱ्यापैकी भरलेली होती. रात्री अडीचला आईंचा श्वास लागला. मी उठून नेब्युलायझर लावला, तो चालू झाला, दहा मिनिटं खोलीत तेवढाच घरघर आवाज. बॅटरी १२.४ वर. आई झोपल्या. भावोजी दारात उभे होते गाडीची किल्ली घेऊन, ती त्यांनी खुंटीला परत अडकवली.

२८ सप्टेंबर

भावोजींना आता घराच्या स्लॅबवाल्या भागावर ३ किलोवॅट बसवायचंय, बिलासाठी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यासाठी पॅनल मंत्रालयाच्या मान्य यादीतलं आणि सेलसकट भारतात बनलेलं लागतं, हाताने जोडलेलं तिथे बसतच नाही. २२ तारखेपासून सोलरवरचा जीएसटीही १२ चा ५ टक्के झालाय, थांबलो ते बरं झालं.

पण त्यांना एक गोष्ट सांगावी लागली जी विकणारे आपणहून सांगत नाहीत. ग्रिडला म्हणजे वीज खात्याच्या तारांना जोडलेली सिस्टिम लायट गेली की भर उन्हातही बंद होते. तशीच बनवलेली असते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छपरावरून शॉक बसेल. म्हणजे बिल कमी होईल, पण पावसातल्या रात्रीसाठी माझी दोन पॅनल आणि बॅटरी तशीच राहणार, वेगळी. त्यांना ते पटलं, कागदपत्रं उद्यापासून गोळा करतायत.

पुतणीला उरलेले पाच सेल आणि सगळे तुकडे हवेत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. आज तिला ६० वॅटचा आयर्न हातात दिला. दाबू नको, त्याच्याच वजनाने ओढ, असं सांगितलं. पहिला सेल टक् झाला. दुसरा सरळ जोडला तिने. कड भरायला न्यूट्रल क्युअरची ट्यूब आणून ठेवलीय.